सगळ्यात खराब मॅनेजरची खुर्ची

अकोला
२४ नोव्हेंबर २०२४

भगवंतराव काका,

पत्राच्या वरतं काय लिहितात ते मले मालूम नाही. शाळेत पत्रलेखन शिकवलं त्या दिवशी मी वर्गाच्या बाहेर उभा होतो. काहून उभा होतो ते तुमाले मालूमच हाय. म्हून डायरेक्ट सुरू करतो.

फोन लावला तं रागिणी वैनी म्हने, बाबांले फोनवर ऐकू येत नाही, काय निरोप हाय तो मले सांगा. आता वैनीले काय सांगू? तुमच्या सासऱ्याच्या नावानं कट्ट्यावर शिव्या चालू हायेत, तेवढं सांगजा? म्हून पत्ता मांगून घेतला.

तुमी गेले ते आमाले भाऊबीजेले समजलं. दाराले कुलूप. मले वाटलं कौंडण्यपूरले गेले असान, पन जत्रेले तं टाइम होता. मंग शेजारच्या ललिताबाई म्हने, लेक आल्ता, गाडीत बसवून अमरावतीले घेऊन गेला. दोन घरं सोडून मी राहतो, काका. एक दगड मारला असता माह्या टिनावर तरी आलो असतो. जाऊ द्या. मी रागावलो नाही. मी रागावतच नाही. मी लोकायले चिडवतो, माणूस चिडला की माही मजा संपते, आन् मी दुसरा माणूस पाहतो. हे तुमीच तं साऱ्यायले सांगता.

आपला इत्तेफाक क्लब कसा हाय म्हनान तं हाय. गजेंद्र जिमवाला मॅनेजर झाल्यापासून मैदानावर शिट्ट्या लय वाजतात आन् गोल आपल्यावरच होतात. त्यानं तर्री-पोहे बंद केले, उकडेल अंडी सुरू केली. टॅबवर ठिपके काढून पोट्ट्यायले सांगते, तू हा लाल ठिपका, तू तिकडचा. शाकीब म्हने, सर, मी गोलकीपर हाय, मले कायले हलवता? मागच्या रविवारी दहावीच्या पोट्ट्यायनं आपल्याले चार गोल मारले. लाल ठिपके पाहतच राह्यले.

मंग म्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानातून गजेंद्रच्या वाढदिवसाचा बॅनर छापला. वाढदिवस त्याचा मे मधी असते. फोटोखाली लिहिलं, फुटबॉलचे चाणक्य. चौकात टांगून देल्ला. दिवसभर लोक हार घेऊन जिममधी. संध्याकाळी आला अंगावर धावून. चिडला. संपली मजा.

काल एक नवीन पोट्टं कट्ट्यावर आलं आन् तुमच्या लाल खुर्चीत बसलं. म्या उठवलं. ते म्हने, काहून? खुर्चीचा एक हात तर तुटेल हाय, तारेनं बांधेल हाय, हिच्यात असं काय हाय? मंग सारं सांगा लागलं. म्हटलं, बाबू, दर साली सीझन संपला का इथं अन्सारभाईच्या दुकानासमोर फैसला होते, इत्तेफाकचा आजवरचा सगळ्यात खराब मॅनेजर कोन. ज्याच्या नावावर फैसला, त्याची खुर्ची. सालभर दुसरा कोनी बसत नाही, मंग तो असो का नसो. सहा सालापासून एकच माणूस बसून राहिला. पोट्टं म्हने, तो कुठी हाय? म्या म्हटलं, येते.

जवाब द्या. शिव्या देल्ल्या तरी चालते.

कुंदन

*

अकोला
१५ डिसेंबर २०२४

काका,

जवाब आला नाही. पोस्टमन आमच्या गल्लीतून जाते, मी दुकानातून पाहतो, तो ब्रेकच दाबत नाही.

आज कट्ट्यावर तुमच्यावरून लय भांडन झालं. अन्सारभाईनं डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं आन् म्हने, जो शहर में ही नहीं उसको क्या बुरा बोलना मियाँ, कुर्सी गजेंद्र को दे दो. दोघा-तिघायनं माना डोलावल्या. म्हटलं, गेलं काकाचं नाव.

मंग मी उठलो. पहिले अन्सारभाईलेच धरलं. म्हटलं, तुमी तं बोलूच नका. घड्याळं दुरुस्त करता आन् मॅनेजर होते तवा टीमले बार्शीटाकळीले अशा टायमाले घेऊन गेले, का पोचलो तं तिथं बक्षीस वाटप चालू होतं. अन्सारभाई म्हने, टेम्पो की गलती थी. म्हटलं, टेम्पोच्या हातात घड्याळ नव्हतं, तुमच्या दोन्ही हातात होतं.

मंग तुमच्यावर आलो. म्हटलं, गजेंद्र कोन? चार गोल खानारा मानूस. असे तं गल्लोगल्ली भेटतात. पन फायनलच्या दिवशी, भर दुपारी, टीमले रोडगे खाऊ घालनारा मॅनेजर अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाला. गवऱ्यायच्या इस्तवात भाजेल कनकेचे जाड रोडगे, तुपात बुडवेल, वरतून वांग्याची भाजी. तीन वाजता मॅच. आपला फॉरवर्ड बॉलपर्यंत जाये आन् तिथंच उकिडवा बसे. शाकीबनं गोलात ढेकर देल्ला तं समोरचा थांबून गेला, त्याले वाटलं रेफ्रीची शिट्टी वाजली. पाच गोल. आपल्याच मैदानावर, अमरावतीवाल्यायच्या हातानं. असा मॅनेजर पुन्हा होनार हाय का?

सारे एवढे हसले का अन्सारभाईनं डोळे पुसले. म्हने, ठीक है, भगवंत भाई का रिकॉर्ड कायम. खुर्ची वाचली, काका.

नवसाचं म्या सांगतलं नाही. तुमी भेव नका.

कधी कधी लय जिभेवर येते. काकूची बाज तुमी अंगनात आनून ठेवेल होती, डोक्याखाली दोन उशा. पोट्टे फायनलले गेले तं मारोतीले रोडगे करीन आन् टीमले पंगत घालीन, असं वच्छलाकाकूनं बोलून ठेवलं होतं. मॅच झाल्यावर घालता आलं असतं. पन दवाखान्यातून घरी आनल्यावर उद्याचा दिवस तिच्यासाठी कसा निघते ते कोनीच सांगत नव्हतं. ती बाजेवरून एकेकाले म्हने, आनखी एक घे रे बाप्पा. तिले नाही कोन म्हनते? म्या स्वतः सहा हानले, आन् मले तं खेळायचंही नव्हतं. मले फक्त गोलच्या मागून बोंबलायचं होतं, तेही जमलं नाही.

संध्याकाळी आपन दोघं राख उचलत होतो. तवा तुमी म्हटलं, 'नवसाचं कुठी बोलू नको, कुंदन. तिच्या रोडग्यायनं हरले असं नाही झालं पायजे. माह्या नावानं बोंबलू दे लोकायले.' होळीच्या आधी काकू गेली. फैसल्यात तुमचं नाव निघालं तं तुमी हसत हसत खुर्चीत बसले, जसे काही नवरदेव.

आता बातमी. गजेंद्रनं मॅनेजरकी सोडली. त्याच्या जिमची दुसरी शाखा निघून राहिली म्हनते. नवीन मॅनेजर भेटला. कोनीच तयार नव्हतं, म्हून एका येड्याच्या गळ्यात मारली. त्याचं नाव सांगून तुमचा दिवस खराब करत नाही.

कुंदन

*

अकोला
१९ जानेवारी २०२५

काका,

तीळगूळ पाठवनार होतो, पन पोस्टात मुंग्या लागतीन.

नवीन मॅनेजर कसा हाय, ऐका. पहिल्या दिवशी मैदानावर चुन्याची फक्की मारायले गेला तं वाऱ्याकडे तोंड करून उभा राह्यला. भुतासारखा पांढरा झाला. टीमले भाषन द्यायले गेला, दोन वाक्यं बोलला, तिसरं सुचलं नाही, म्हने, तं मंग जा आता. ऑफसाइड त्याले अजूनही पूर्न समजत नाही. सालोसाल गोलच्या मागं उभा राहून समोरच्या गोलकीपरले चिडवनं एवढाच त्याचा अनुभव. आता चिडवाले कोनी राह्यलं नाही, तं हाच टीमच्या पुढं उभा असते आन् बाकीचे याच्या मागून चिडवतात.

तुमी वळखलं असन. मी हाय तो.

हसून घ्या. अन्सारभाई म्हने, बहुत बोलता है ना, ले, तू ही बन जा. मले वाटलं मजाक चालू हाय. मी हो म्हटलं तं कोनी हसलंच नाही. सारे घरी निघून गेले. तवा समजलं का मजाक नव्हता.

खरं सांगू का, मी घेतली त्याले दुसरं कारन हाय. मॅनेजर नसता तं टीम बंद पडली असती, टीम बंद पडली तं कट्टा कायले भरते? तसाही भरत नाही आता. तुमच्या टायमाले बसाले जागा भेटत नव्हती. आर्धे पोट्टे पुन्याले गेले कंपनीत. राह्यलेले येतात आन् मोबाईलमधी तोंड घालून बसतात. काल संध्याकाळी मी, अन्सारभाई आन् खुर्ची, एवढेच होतो. अन्सारभाई घड्याळाच्या पोटात पाहत होते. म्या दोन-तीन जोक मारले. ते हूं हूं म्हने. मी घरी आलो तं खोलीत भांडे सकाळचेच तसे. आई हिवरखेडले मामाकडेच असते आता, तिले इकडं करमत नाही. तुमच्या घरावरून येतो तवा मान आपोआप तिकडं जाते, का लाइट हाय का.

हे जाऊ द्या. आता खुर्चीतून पडू नका. आपन फायनलले गेलो.

हिवरखेडची टीम आलीच नाही, तिकडं तुरीचं सोंगनं चालू होतं, अर्धी टीम वावरात. वॉकओव्हर भेटला. सेमीफायनलले शाकीबनं पेनल्टी अडवली, तेही चुकून, तो दुसरीकडं उडत होता, पाय मागं राह्यला.

फायनल अमरावतीले हाय. २३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी तीन वाजता. वैनीनं सांगेल पत्त्यावरून पाह्यलं, मैदान तुमच्या घरापासून दोनच गल्ल्या. मले काही नको, काका. जितलो नाही तरी चालते. तुमी मैदानावर यायचं, एवढंच. म्या जे काही करून ठेवलं ते कोनी तरी पाह्यलं पायजे ना. इथं मले पाहनारा, डोळे वटारनारा, 'काय करून राहिला बे' म्हननारा एकही मानूस नाही.

येजा.

कुंदन

*

अकोला
१६ फेब्रुवारी २०२५

काका,

वैनीले पुन्हा फोन केला. म्हने, पत्रं देल्ली, बाबा वाचतात, पन बोलत नाहीत. मशीन आनलं कानाचं, तेही लावत नाहीत. म्हटलं, रविवारी मैदानावर आनाल का? म्हने, पाहू, त्यायच्या मनावर हाय.

मनावर घ्या.

या टूर्नामेंटचा नियम लय कडक हाय. बदली खेळाडू उतरवायचा तं छापेल चिठ्ठीवर मॅनेजरचीच सही लागते, दुसऱ्या कोनाची चालत नाही. मले पूर्न पुस्तकच देल्लं चिठ्ठ्यायचं. माह्या सहीले आयुष्यात पहिल्यांदा किंमत आली. शाळेत मी बापाची सही करत होतो, आता सोताची करा लागते.

खुर्ची टेम्पोवर बांधून आनतो. लाइनीजवळ ठेवतो. दुपारी पोट्ट्यायले केळं देईन, दुसरं काही नाही. तेवढं शिकलो.

कुंदन

*

अकोला
२ मार्च २०२५

काका,

त्या दिवशी तुमी बोलले ते म्या ऐकलं. मी काय बोललो ते तुमाले ऐकू आलं नाही, मशीन डब्यात होतं. म्हून माही बाजू लिहून पाठवतो, नाहीतं तुमी म्हनान, कुंदन आल्ता आन् नुसते ओठ हलवून गेला.

हाफटाइमपर्यंत आपन एक गोलनं पुढं होतो. इत्तेफाक, पुढं. पोट्टे नाचत होते. मी खुर्चीकडं पाहत होतो. रिकामीच. पलीकडच्या टीमचा एक मानूस विचारायले आला, ही कोनाची, बसू का? म्या म्हटलं, नाही. मंग मले काय झालं मालूम नाही. पोट्ट्यायले म्हटलं आलोच, आन् निघालो. दोन गल्ल्या पळतच आलो.

वैनीनं दार उघडलं. तुमी टीव्हीसमोर, बातम्या चालू, आवाज बंद. खिडकीत माही सारी पत्रं, त्यायच्यावर मशीनचा डबा. तुमी पाह्यलं आन् म्हटलं, 'सुटली मॅच?' म्या मान हलवली, नाही. 'चालू हाय?' म्या मान डोलावली.

'मॅच सोडून आला? मॅनेजर असून? मंग तं तू माह्याहून खराब निघाला बे.'

आन् हसले. ठसका लागेपर्यंत हसले. वैनी पानी घेऊन पळत आली, तिले वाटलं काय झालं. वैनी नंतर दारात मले म्हने, इथं आल्यापासून पहिल्यांदा हसले.

मी तवा बोलत होतो, का चला, अजून आर्धी मॅच बाकी हाय, मी पाठीवर घेऊन जातो. ते तुमाले ऐकू नाही आलं, पन समजलं. तुमी म्हटलं, 'ऐकूच येत नाही तं मैदानावर काय करू? आवाजाबिगर फुटबॉल म्हनजे नुसते पोट्टे धावतात. या टीव्हीसारखं.' मंग इचारलं, 'जेवले का पोट्टे?' म्या खिशातलं चिठ्ठ्यायचं पुस्तक काढून एका चिठ्ठीमागं लिहिलं, केळं. तुमी मान डोलावली, म्हटलं, बरं केलं. त्याच्याच खाली म्या लिहिलं, जवाब काहून नाही देल्ला?

तुमी चिठ्ठी वाचून खिडकीतल्या पत्रायच्या खाली सरकवली.

'जवाब देल्ला असता तं तू लिहिनं बंद केलं असतं. मी तुले चांगला वळखतो. मानूस बोलला का तुही मजा संपते.'

त्याच्यावर मी काय बोललो त्याचं शेवटी पाहू.

मैदानावर परत आलो तवा मॅच संपाले आली होती. झालं असं, का शाकीबचं बोट उतरलं. बदली गोलकीपर तयार उभा, पन सही पायजे मॅनेजरची, आन् मॅनेजर आन् पुस्तक दोन्ही तुमच्या घरी चहाले नाही म्हनत होते. पोट्टे कुंदन, कुंदन बोंबलून राह्यले. शाकीब एका हातानं उभा राह्यला. दोन गोल झाले. एक-दोननं हरलो.

सारे मले पाहत होते. शाकीब बोट धरून म्हने, कुठी मेला होता बे तू?

तोंडात आलं होतं, काका. तुमचं नाव इथपर्यंत आलं होतं. मंग वाटलं, हे म्हनतीन भगवंतरावच्या पायी हरलो. तुमी तिथं एकटे बसून, मशीन डब्यात, आन् इथं तुमच्या नावानं ते. तं म्या म्हटलं, भूक लागली होती, गिला वडा खायले गेल्तो.

टेम्पोत येताना सारे माह्याकडं पाठ करून बसले. खुर्ची वरतं बांधेल होती, तीच कुचकुच करत होती.

काल फैसला झाला. अन्सारभाई म्हने चांद दिसायच्या आधी उरकून घ्या, रोज्यायत कोनाले खराब म्हनायचं नाही. लय दिवसानं कट्टा भरला. पुन्याचे दोघं सुट्टीवर आले होते तेही आले. रोडगे का गिला वडा, यावरच भांडन. म्या उभा राहून तुमची बाजू घेतली. म्हटलं, पाच गोल कुठी आन् दोन गोल कुठी, हिशोबात रोडगेच खराब. तं शाकीब म्हने, रोडग्याच्या टायमाले मॅनेजर मैदानावर तं होता. शेवटी अन्सारभाईनं भिंग काढून ठेवलं.

'देखो मियाँ, रोडगेवाले ने टीम को तो खिलाया था. इसने अकेले खाया.'

त्याच्यावर जवाब माह्याजवळ होता, पन तो नाही देल्ला. सहा साल तुमी असंच बसून राह्यले असान, नाही? आता समजते, तुमी हसत काहून होते. रडलं असतं तं कोनी इचारलं असतं, काय झालं.

खुर्ची माही झाली. बसलो. टाळ्या वाजवल्या साऱ्यायनं. मंग चांद दिसला, आन् एकेक जन उठून गेला, पुन्यावाले बसस्टँडवर, शाकीब घरी. अन्सारभाई शटर ओढत होते. मी तसाच बसेल. त्यायनं कुलूप लावलं, चाबी खिशात टाकली आन् माह्याकडं न पाहता म्हने, 'भगवंत भाई की तबियत कैसी है?'

मी म्हटलं, ठीक है.

'सुनाई देता है?'

म्हटलं, नहीं.

म्हने, अच्छा. आन् निघून गेले. मी मॅच सोडून कुठी गेल्तो ते मालूम असूनही त्या मानसानं फैसला देल्ला, काका. तुमची खुर्ची चांगल्या मानसायच्या हातात हाय.

एक सांगा लागते. तिचा जो हात तुटेल हाय, त्या बाजूले रेलायची सवय लागली का मानूस पडते. मी काल दोनदा पडलो. तुमी एकदाही पडले नाही, कसे बसत होते? तार कुठून टोचते ते मालूम झालं, बाकी शिकवायचं राह्यलं तुमच्याकडून.

रेकॉर्ड तुमचा गेला, हे लक्षात ठेवजा. परत पायजे असन तं अकोल्याले या लागन, पुढच्या फैसल्याले, आन् माह्याहून खराब काही करून दाखवा लागन. मी सोपं जाऊ देनार नाही. टीम अजून माह्याच हातात हाय, काय काय होऊ शकते तुमाले अंदाज नाही.

आन् जवाब देऊ नका. आता मीही वाट पाहनार नाही, माही पत्रं येतच राहतीन. जवाब नाही म्हनजे चालू हाय, असं मी धरतो.

त्या दिवशी जिना उतरायच्या आधी मी तुमच्या पाठीमागं उभा राहून एक गोष्ट बोललो. वैनी सैपाकघरात होती, टीव्ही मुका होता, तुमी त्याच्यातले मुके ओठ पाहत होते. ऐकू येत नाही म्हूनच बोललो. ते इथं लिहीत नाही. ऐकायची असन तं मशीन लावून येजा.

कुंदन
(आजवरचा सगळ्यात खराब)